तीन मिलिमीटर

द्राक्षायणी गेली त्या दिवशी
मला रडू आलं, पाणी आलं नाही.
घशात हुंदका, तोंड वेडंवाकडं,
आणि डोळे कोरडे ठाक.
बारा वर्षं शेजारच्या मागावर होती ती.
बायकांनी बघितलं. बायका बघतातच.
"सुलीच्या डोळ्याला पाणी नाही बघ"
हे वडगावच्या नळापर्यंत माझ्याआधी पोचलं.

नळाला आमच्या आठ दिवसांनी पाणी.
दोन पिंपं, सहा घागरी,
शेवटी वाट्यासुद्धा भरून ठेवणारी मी.
माझ्यातच खडखडाट कधी झाला
कळलं नाही.

कळायला हवं होतं.
पहाटे डोळ्यांत वाळू: मी म्हणायची, मागाची तूस.
भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरेना:
म्हणायची, जोंधळाच यंदाचा वाईट.
दोन दाढा खडूसारख्या चुरल्या: वय झालं.
तुटल्या धाग्याला गाठ मारायला
बोटं नऊ वाजेपर्यंत तयार नसत.
दुपारी बॉबिन हातात धरून भिंतीला टेकायची,
झोप नव्हे, आळस नव्हे,
बिल न दाखवताच कुणी वीज कापून न्यावी तसं.
प्रत्येकाला वेगळं कारण होतं माझ्याकडे.
सगळी एकाच कोकाची असतील
हे सुतात जन्म काढलेल्या बाईला सुचलं नाही.

डॉक्टर पट्टेदबाई अर्ध्या कन्नडात विचारायच्या,
मी अर्ध्या मराठीत सांगायची.
केसपेपरवर नाव वाचून थांबल्या: सुलोचना.
मग खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली.
"पाच मिनिटं. मिटून बसा."
मी द्राक्षायणीला आठवलं, मुद्दाम,
तिचं हसणं, डब्यातली शेंगाचटणी, शेवटचा खोकला.
पट्टी तीन मिलिमीटर भिजली.
तीन मिलिमीटर म्हणजे कापडात
सात-आठ आडवे धागे. बस, एवढंच रडू.

रक्त तपासलं. ओठाच्या आतून
गव्हाएवढा तुकडा काढला.
"शरीर आपलं कोण, परकं कोण विसरतं," त्या म्हणाल्या,
"पाणी करणाऱ्या आपल्याच गाठींवर चालून जातं."
मला हसू आलं. आमच्याकडे या भांडणात
पाट्यांना काळं फासतात.
माझ्यात पाटीही नव्हती.

बरं होणार का? नाही म्हणाल्या, सरळ.
सांभाळता येईल.
आता जेवणावर गोळी, आणि वर्षातून एकदा
डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा, त्या गोळीपायीच.
मागावरचा पंखा मी दुसरीकडे वळवला,
मालक कुरकुरला, कुरकुरू दे.
पाण्याची बाटली कमरेला, घोट घोट.
कुंदा सुटला, तसंही तोंडाला पाणी सुटत नव्हतंच.
कॅलेंडरच्या मागे रोज लिहिते:
बोटं किती वाजता उघडली.
जबड्याखाली हात फिरवते आंघोळीला,
नवी गाठ लागली तर थांबायचं नाही, लगेच जायचं.
ज्या दिवशी वीज नाही त्या दिवशी
सांगते तशी, "आज वीज नाही माझ्यात,"
आणि पडते. हे सांगायला शिकणं
सगळ्यात उशिरा जमलं.

मुकादम म्हणायचा, डोळ्यात तेल घालून बघ धागा.
मी पाणी घालते, दिवसातून सहा वेळा,
मेडिकलातून विकत आणलेलं.

द्राक्षायणीच्या वर्षश्राद्धाला गेले तेव्हा
दारातच थेंब घातले, वारा होता म्हणून.
जास्त पडले. गालावरून ओघळले.
तिच्या आईनं बघितलं,
पदरानं पुसलं माझं तोंड, हनुवटीपर्यंत.
"अळबेड," म्हणाली, "साकु."
रडू नको. पुरे.
एवढ्या दिवसांत मला कुणी हे म्हटलं नव्हतं.

मी काही बोलले नाही.
बाटली मुठीत होती.
उघडली की महिनाभरच चालते ती,
झाकणावर तारीख घालून ठेवावी लागते.